इर्विनला किती?

जुलै सरत आला की सांगलीच्या बोलण्यात एक आकडा शिरतो. दूध घेताना, रिक्षात बसताना, पुण्यामुंबईहून आलेल्या फोनवर तोच सवाल: इर्विनला किती? १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं इशाऱ्याची वाट बघत नाहीत, त्यांची बांधाबांध आधीच सुरू झालेली असते. कोल्हापुरात हाच मान राजाराम बंधाऱ्याला आहे. तिथं ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्याच्याही आधी राधानगरी धरणाची बातमी येते, की तिसरा दरवाजा उघडला, पाचवा उघडला. नृसिंहवाडीत पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. लोक त्या पाण्यात स्नान करतात, आणि खालच्या अंगाची गावं मनातल्या मनात हिशेब मांडतात.

पावसाळ्यात या पट्ट्यातलं शेंबडं पोरही टीएमसी (अब्ज घनफूट), क्यूसेक (सेकंदाला घनफूट) आणि विसर्ग हे शब्द बिनचूक वापरतं. महाराष्ट्रात जलविज्ञान इतकं लोकांच्या तोंडी दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये इर्विनचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा २००५ च्या पुराच्या रेघा भिंतींवर जपून ठेवलेली माणसंसुद्धा बेसावध सापडली. ‘त्या रेघेपर्यंत येईल, वर नाही’ असा त्यांचा हिशेब होता. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याने ५६ फूट ओलांडले.

आज किती हे सगळ्यांना कळतं. परवा किती होईल, हे कसं सांगायचं? गेल्या सात-आठ वर्षांत या प्रश्नाला एक नवं उत्तर आलं आहे. नदीचं शास्त्र यंत्राला शिकवू नका, तिच्या जुन्या नोंदी द्या, यंत्र आपलं आपण शिकेल. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा नवा अवतार असल्याच्या थाटात हे सांगितलं जातं. आपल्या मुलखाला मात्र ही रीत नवी नाही.

स्ट्रेंज नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने १८९२ साली आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पावसाच्या आणि ओढ्यानाल्यांच्या नोंदी जमवून कोष्टकं बनवली. पाऊस इतका पडला तर वाहून किती येईल, हे त्यांत पाहायचं. त्यातली हुशारी अशी की, एकाच पावसाला त्याने तीन वेगळी उत्तरं दिली: जमीन कोरडी असेल तर एक, ओलसर असेल तर दुसरं आणि भिजून चिंब असेल तर तिसरं. मृगाचा पाऊस जमीन पिऊन टाकते आणि पुष्यातला तेवढाच पाऊस थेट ओढ्याला लागतो, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. स्ट्रेंजने ते टक्क्यांत मांडलं.

१९२९ साली इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणांच्या नोंदींवरून दोन सूत्रं काढली, घाटासाठी वेगळं आणि दख्खनच्या पठारासाठी वेगळं. इंग्लिस म्हणजे खडकवासल्याचं जल संशोधन केंद्र ज्यांच्या कारकिर्दीत नावारूपाला आलं ते क्लॉड इंग्लिस. घाटाचं सूत्र आजच्या मापात असं आहे: वर्षाच्या पावसाचे सेंटिमीटर घ्या, त्यांना ०.८५ ने गुणा आणि ३०.५ वजा करा. कोयनेच्या पाणलोटात साधारण ५०० सेंटिमीटर पाऊस धरला, तर उत्तर येतं ३९४.५. म्हणजे पडलेल्या पावसातला जवळजवळ चार पंचमांश वाहून येणार. कोयनेचा पाणलोट सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. गुणाकार केला की १२४ टीएमसी होतात. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीच्या सूत्राने आलेला हा आकडा आजही कुणाला हसण्याजोगा वाटणार नाही.

पठाराचं सूत्र वेगळंच बोलतं. ६० सेंटिमीटर पाऊस पडला तर १० सेंटिमीटर वाहतो. पाऊस ४० वर आला, तर वाहतो फक्त साडेतीन. पाऊस एक तृतीयांशाने घटतो आणि नदी एक तृतीयांशावर येते. जत-आटपाडीचं कोरडेपण आणि सांगलीचा महापूर एकाच जिल्ह्यात कसे नांदतात, याचं अर्धं उत्तर या दोन सूत्रांत आहे. उरलेलं अर्धं भूगोलात आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाचगणीला त्याचा तिसरा हिस्सा. घाट उतरून वाईला आलात की सातशेच्या आसपास. सगळं तीसेक किलोमीटरच्या आत. इथं पर्जन्यमापक कुठे बसवला, यावर नदीचं भाकीत ठरतं.

स्ट्रेंज-इंग्लिस यांच्या सूत्रांना परवाचा पूर सांगता येत नव्हता, ती होती हंगामाच्या बेरजेसाठी. रोजच्या, तासातासाच्या भाकितासाठी दुसऱ्या वाटा निघाल्या. भारतात शास्त्रीय पूर-पूर्वानुमानाची सुरुवात १९५८ साली दिल्लीला यमुनेवर झाली. पद्धत सरळ होती. वरच्या ठाण्यावर पाणी इतकं चढलं, तर खालच्या ठाण्यावर इतक्या तासांनी तितकं चढतं. कराड आणि सांगली यांचं नातं जुने लोक असंच सांगतात. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत स्वयंचलित मापकांचं जाळं बसलं. त्यावर डीएचआय या डॅनिश संस्थेचं प्रवाह-प्रतिमान चढवलं गेलं. या जातीच्या प्रतिमानात नदीचं शास्त्र आधीच लिहिलेलं असतं. मातीत ओल किती, भूजलात किती मुरलं, पात्राचा उतार काय, पाणी एका वळणावरून दुसऱ्या वळणाला किती वेळात जाईल. नोंदींचं काम फक्त त्यातले स्क्रू पिळण्यापुरतं.

२०१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या बोकू विद्यापीठातल्या मंडळींनी एक वेगळा प्रयोग छापला. त्यांनी एलएसटीएम नावाचं चेताजाल (न्यूरल नेटवर्क) घेतलं. ही रचना १९९७ पासून ठाऊक होती आणि तोवर भाषांतर, बोलणं ओळखणं असल्या कामांना वापरली जाई. या मंडळींनी तिला अमेरिकेतल्या २४१ पाणलोटांचा रोजचा पाऊस, तापमान आणि प्रवाह यांच्या नोंदी दिल्या. मातीचं, मुरण्याचं एकही समीकरण दिलं नाही. जालाच्या पोटात काही स्मृतिकोश असतात. रोजचा पाऊस आत येतो, तेव्हा त्यातलं किती लक्षात ठेवायचं, जुन्यातलं किती विसरायचं आणि आज बाहेर किती सोडायचं, हे ते नोंदींवरून शिकतं. निकाल मुरलेल्या प्रतिमानांच्या तोडीस तोड निघाला. वर गंमत अशी की, काही स्मृतिकोश डोंगरावर साचलेल्या बर्फासारखे वागताना दिसले. थंडीत भरायचे, उन्हाळा लागला की रिते व्हायचे. बर्फ म्हणजे काय, हे त्या यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.

याच मंडळींनी पुढे आणखी एक गोष्ट ठासून सांगितली, आणि आपल्याकडच्या प्रबंधकारांनी ती भिंतीवर लावावी. एका नदीवर यंत्र शिकवू नका. कृष्णेचं भाकीत हवं असेल, तर त्याला गोदावरी, नर्मदा, कावेरी, जमल्यास परदेशी नद्याही दाखवा. इर्विनवर ५० फुटांच्या वर गेलेले पूर या शतकात बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेवढ्यावरून यंत्र महापूर शिकणार कसा? मात्र एखाद्या लहान ओढ्याने पाहिलेला अतिरेकी पाऊस मोठ्या नदीच्या भाकिताला उपयोगी पडू शकतो. भारतात यासाठीची सामग्री आता कुठे जुळते आहे. द्वीपकल्पीय भारतातल्या ४७२ पाणलोटांची पाऊस, माती, उतार आणि प्रवाह यांची एकत्र मांडणी नुकतीच संशोधकांसाठी खुली झाली. त्यातल्या प्रत्येक पाणलोटाचा प्रवाह मोजलेला नाही, तरी सुरुवात म्हणून मोठी गोष्ट आहे. गूगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून सुरू केलेला पूरइशाऱ्याचा उद्योग याच वाटेवरून गेला. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की, साडेपाच हजारांहून जास्त मापनठाण्यांवर शिकवलेलं त्यांचं यंत्र पाच दिवस आधीचं जे भाकीत करतं, ते प्रचलित जागतिक प्रणालीच्या त्याच दिवसाच्या अंदाजाच्या तोडीचं भरतं. ज्या नद्यांवर मापकच नाहीत, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे.

मग कृष्णेसाठी काम झालंच म्हणायचं? इथं मी जरा थांबतो.

अशा शोधनिबंधांत यश मोजायचं एक माप असतं, नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये मांडलेलं. भाकीत अचूक असेल तर एक गुण, सरासरी सांगण्याइतकंच कामाचं असेल तर शून्य. आपल्याकडच्या नद्यांवरचे निबंध ०.९ च्या वरचे आकडे मिरवतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी यंत्राला आजचा प्रवाह देऊन उद्याचा विचारलेला असतो. मोठी नदी एका दिवसात फार बदलत नाही, ‘उद्या आजच्याइतकंच’ असं डोळे झाकून सांगणाऱ्यालाही वर्षभराच्या हिशेबात उत्तम गुण मिळतात. सांगलीकराला वर्षातल्या ३६० दिवसांच्या गुणांशी काय करायचं आहे? त्याचे पाच दिवस असतात. त्या पाच दिवसांचे गुण वेगळे काढून दाखवा, मग बोलू.

त्या पाच दिवसांच्या नोंदीही कच्च्या असतात. मापनठाण्यावर रोज मोजतात ती पाण्याची उंची. प्रवाह म्हणजे सेकंदाला किती पाणी गेलं, हे उंचीवरून काढतात. त्यासाठी अनेक वेळा करंट मीटरने वेग मोजून ‘इतक्या उंचीला इतका प्रवाह’ असा आलेख आधी तयार केलेला असतो. पाणी पात्रात असेतो हा आलेख खरा. ते मळीत आणि उसात घुसलं, पुलाच्या कमानीला टेकलं, की आलेखाची रेघ अंदाजाने पुढे ओढावी लागते. त्या रौद्र पाण्यात मीटर घेऊन उतरणार कोण? म्हणजे यंत्राने जो महापूर ‘खरा’ मानून शिकायचा, त्याचा आकडाच माणसाने रेघ लांबवून काढलेला.

शिरोळ तालुक्यात ही अडचण दुप्पट होते. कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा अशा चार नद्या तिथं एकमेकींना भिडतात. पात्राला उतार बेताचा. पंचगंगेला पूर असेल, तर कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, कृष्णा फुगलेली असेल, तर पंचगंगा मागे तुंबते. अर्जुनवाड किंवा कुरुंदवाडच्या ठाण्यावर उंची तीच दिसेल, प्रवाह मात्र दोन दिवशी दोन निघेल. पाणी चढताना एक, उतरताना दुसरा. त्यामुळे तिथं फुटांचं भाकीत आणि क्यूसेकचं भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांना फूट हवे असतात.

पण याहून मोठी अडचण नदीच्या वरच्या टोकाला, धरणाच्या दरवाजांत आहे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो. एका दरवाजातून १४२८ क्यूसेक. रात्री दोन वाजताही त्यांना कुणाचा फोन लागत नाही. हे वागणं यंत्राला शिकवायला सोपं, पाऊस आणि पातळी दिली की दरवाजा समजला. कोयनेचे सहा वक्र दरवाजे माणसाच्या हुकमाने उचलले जातात. दीड फूट, चार फूट, मग आणखी. तो हुकूम पाऊस पाहून निघतो. तसाच तो धरणाचा साठा, हंगामाची तारीख, खाली सांगलीत किती पाणी आहे, पोफळीच्या वीजघरांना किती लागेल आणि गेल्या वर्षी काय बोल लागला होता, हे सगळं पाहून निघतो. शिवाय कोयनेचं बरंचसं पाणी पूर्वेला येतच नाही. वीज करून ते सह्याद्रीपलीकडे वाशिष्ठीत जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसी मान्य केलेले आहेत. नुसत्या पावसाच्या नोंदींवर शिकणाऱ्या यंत्राला कराडखालची कृष्णा अर्धवटच समजेल. तिचा उरलेला भाग पाटबंधारे खात्याच्या आदेशांत वाहतो, आणि ते आदेश पत्रकांच्या फोटोंच्या रूपाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. पुरात लोकांना ते पुरतात, यंत्राला शिकायला नाहीत. दरवाजा कधी, किती, कोणत्या अंदाजावर उचलला, याची तासवार जुनी नोंद जितकी खुली होईल, तितकं कृष्णेचं भाकीत सुधारेल. नवं चेताजाल आणण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

आता धरण आधी रिकामं का केलं नाही, या दर पुरानंतरच्या प्रश्नाकडे येतो. थोडा गुणाकार करू. ११,५७४ क्यूसेक पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतो. समजा, कोयनेत २० टीएमसी जागा करायची आहे. पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्यूसेक सुटतात, म्हणजे दिवसाला जेमतेम ०.१८ टीएमसी. त्याने काही होत नाही. दरवाजे उचलून ३०,००० क्यूसेक सोडले तर दिवसाला २.६ टीएमसी, म्हणजे साडेसात-आठ दिवस, आणि तेही वरून थेंब आला नाही तर. ऐन पावसाळ्यात थेंब न येणं होत नाही. एवढी जागा केल्यावर लाख क्यूसेकची आवक आली, तर ती सव्वादोन दिवसांत भरते.

हिशेबाचा अर्थ इतकाच की, जागा करायचा निर्णय पुराच्या आठ-दहा दिवस आधी घ्यावा लागतो. यंत्राची मातब्बरी पहिल्या दोन-तीन दिवसांत, फार तर पाचात. त्यापुढे नदीचं भाकीत पावसाच्या भाकितावर उभं असतं, आणि घाटातला पाऊस आठ दिवस आधी नेमका सांगणं आजही अवघड आहे. पुण्याच्या आयआयटीएमने घडवलेली, २०२५ पासून वापरात आलेली भारत पूर्वानुमान प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीत देश पाहते. जुन्या प्रणालींपेक्षा ही मोठी झेप आहे. पण महाबळेश्वर ते वाई या अंतरात तिच्या चौकटी चार-पाचच बसतात.

आणि २०२१ ला तर धरणांना दोष देण्याइतकीही सवड नव्हती. २२ जुलैच्या सुमाराला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. धरणांच्या खाली, ज्या पाण्यावर कुणाचा दरवाजा नाही त्या मुक्त पाणलोटातही तो तसाच कोसळला. ते पाणी अडवायला मध्ये काही नव्हतं.

उलट बाजूही आठवावी. २०२३ ला पावसाने दगा दिला आणि कोयना काठोकाठ भरलीच नाही. त्या हिवाळ्यात सांगलीसाठी कोयनेतून पाणी सोडण्यावरून खडाजंगी झाली. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या शेतकऱ्याला जुलैत ‘खबरदारी म्हणून’ सोडलेले २० टीएमसी डोळ्यांसमोर दिसतात. त्या जुलैत कुणी आठ दिवस आधीच्या अंदाजावर धरण उतरवलं असतं, तर डिसेंबरात त्याची चौकशी लागली असती. अभियंत्याला हे नीट माहीत असतं. पूर आला, तर अतिवृष्टीला बोट दाखवता येतं, धरण रिकामं राहिलं, तर बोट त्याच्याकडे वळतं. ज्या खुर्चीवर असा कल आधीच आहे, तिला कितीही चांगलं यंत्र दिलं तरी ती शेवटच्या क्षणापर्यंत वाट बघणार.

राज्यांच्या सीमेवर हाच कल आणखी वाढतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते का, यावर इथं घरोघरी मतं आहेत. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणं यांच्याकडे तिचं बोट होतं. ते अनेकांना पटलेलं नाही. ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत उंची वाढवण्याचा प्रश्न पुढ्यात असताना पटणंही कठीण. गणिताने असे वाद मिटतात, असं मात्र समजू नये. बच्छावत लवादाने १८९४ पासूनच्या ७८ वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि चारांपैकी तीन वर्षं हमखास मिळेल असं कृष्णेचं पाणी २०६० टीएमसी ठरवलं. ब्रिजेशकुमार लवादाने १९६१ पासूनची ४७ वर्षं घेतली, आणि त्याच हमीला पाणी निघालं २१७३ टीएमसी. नदी तीच, वर्षं वेगळी. त्या ११३ टीएमसीत एक अख्खी कोयना मावते आणि वर थोडं उरतं.

म्हणून मला यंत्राच्या अचूकतेपेक्षा त्याच्या अनिश्चिततेचा उपयोग जास्त वाटतो. युरोपचं हवामान केंद्र एकच भाकीत देत नाही. सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून ते ५१ भाकितं चालवतं. ही ५१ पावसाळी चित्रं कोयनेच्या आणि पंचगंगेच्या प्रतिमानातून काढली, तर आठ दिवसांनंतरच्या इर्विनच्या ५१ रेघा मिळतील. काही ३० फुटांवर, काही ४५ च्या वर. ‘परवा किती’ याला एक आकडा देण्याऐवजी हे चित्र सांगतं, की इतक्या रेघा धोक्याच्या वर आहेत.

मग प्रश्न उरतो तो किती रेघांना दरवाजा उचलायचा याचा. दहा? वीस? हा आकडा संगणक देणार नाही, आणि २ ऑगस्टच्या रात्री, म्हाताऱ्या पावसाचं नक्षत्र सरून आश्लेषा लागताना, एकट्या कार्यकारी अभियंत्याने तो ठरवू नये. तो मे महिन्यात, आभाळ कोरडं असताना ठरवून लेखी द्यावा. त्याप्रमाणे दरवाजा उचलला आणि पूर आलाच नाही, धरण उणं राहिलं, तर ते पाणी कुणाच्या वाट्यातून वजा होणार आणि त्याची भरपाई काय, हेही त्याच कागदावर यावं. त्या बैठकीला वीज कंपनीचा माणूस लागेल, विजापूर-बागलकोटकडचा अभियंता लागेल, सांगलीच्या गणपती पेठेतला व्यापारी लागेल, आणि जतचा एक डाळिंबवाला लागेल, ज्याच्या बागेवर त्या २० टीएमसींचा पहिला घाव पडणार आहे.